युरोपियन स्पोर्ट सेडान नवी घ्या किंवा जुनी, आधी तिची चाल तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : आजवर साधी फॅमिली कार चालवली, आता चालवण्याची हौस भागेल अशी आटोपशीर युरोपियन सेडान घ्यायची आहे. हाताशी असलेल्या पैशांत बीएमडब्ल्यू ३ सिरीज नवी, पण चार सिलिंडरची मिळते. किंवा तीच चार-पाच वर्षं वापरलेली, सहा सिलिंडरची. शिवाय ऑडी ए४, मर्सिडीज सी-क्लास आणि आल्फा रोमिओ जुलिया याही मनात आहेत. घ्यावी कोणती, आणि पारखावी कशी?

या गाड्यांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि विकत घेण्याआधीची तपासणी हे तर रोजचंच काम. तपासणीला येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी इंजिनाबद्दल विचारतो. किती ताकद, किती सेकंदांत शंभर, टर्बो टिकतो का. प्रश्न रास्तच आहेत, पण मी सुरुवात दुसरीकडून करतो. या वर्गातल्या गाडीसाठी आपण जे जास्तीचे पैसे मोजतो ते तिच्या चालीसाठी : वळणात ती कशी बसते, स्टिअरिंगचं किती चटकन ऐकते, जोरात ब्रेक मारल्यावर सरळ राहते का. नव्या गाडीत बघायचं ते हे, की आपण निवडलेल्या प्रकारात ती चाल मुळात आहे का. जुन्या गाडीत बघायचं की ती अजून शाबूत आहे का, आणि नसेल तर परत आणायला काय लागेल. चाल गेलेली स्पोर्ट सेडान ही नुसतीच महागड्या पार्टांची गाडी असते. तिच्यापेक्षा नीट ठेवलेली साधी सेडान चालवायला जास्त आनंद देते.

ही चाल येते कुठून ते आधी समजून घ्या, म्हणजे तपासणी सोपी होईल. मर्सिडीजने १९८२ साली १९० ही छोटी सेडान आणली तेव्हा तिच्या मागच्या प्रत्येक चाकाला पाच स्वतंत्र आर्म, म्हणजे चाक गाडीला जोडणारे दांडे, दिले. ऑडीने १९९४च्या पहिल्या ए४मध्ये पुढच्या प्रत्येक चाकाला चार आर्म दिले. इतके आर्म द्यायचे कारण असं, की चाक वर-खाली होताना त्याचा कोन हवा तसाच बदलावा आणि टायर रस्त्यावर सपाट टेकलेला राहावा. आता प्रत्येक आर्मच्या टोकाला रबरी बुश, म्हणजे सांध्यातला धक्के झेलणारा रबराचा तुकडा, किंवा बॉल जॉइंट असतो. रबर वयाने कडक होतं, चिरतं, सुटतं. यातला एखादा बुश गेला तर गाडी बंद पडत नाही, बऱ्याचदा आवाजही करत नाही. फक्त तिची धार जाते, तीही इतकी हळूहळू की रोज चालवणाऱ्या मालकाला कळतच नाही. म्हणून "गाडी एकदम मस्त चालते" हे त्याचं म्हणणं खरं मनापासून असतं आणि तरी चुकीचं असू शकतं.

तेव्हा जुन्या गाडीकडे गेलात की बॉनेट उघडण्याआधी टायरांपाशी खाली बसा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे आहेत का ते बघा. टायरच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. मग हात टायरच्या आतल्या कडेला घालून तळवा आडवा फिरवा. बाहेरून नक्षी भरपूर दिसते आणि आतली कड गुळगुळीत झालेली असते, हे या गाड्यांमध्ये नेहमीचं. मागच्या चाकांना मुळातच आतल्या बाजूला थोडा कल दिलेला असतो, त्यामुळे आतली कड जरा लवकर झिजणार. पण एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी झीज दिसली तर कुठला तरी आर्म वाकलाय, बुश गेलाय किंवा गाडी ठोकलेली आहे. हात एका दिशेने सरळ सरकतो आणि उलट फिरवला की नक्षीचे कंगोरे बोचतात, असं झालं तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलेली आहे. तिथेच विचारा, शेवटची अलाइनमेंट कधी केली आणि तिचा छापील कागद आहे का. चार टायर चार कंपन्यांचे आणि स्वस्तातले असतील तर मी बाकीच्या तपासणीत दुप्पट कडक होतो. ज्याने टायरवर काटकसर केली त्याने ऑइलवरही केली असण्याची शक्यता मोठी. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांत हे आणखी महागात पडतं. बीएमडब्ल्यूच्या एक्सड्राइव्हमध्ये पुढच्या-मागच्या टायरांच्या घेरात फरक पडला की पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमधला क्लच सतत घासत राहतो. हळू वेगात, हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी बारीक हिसके देत असेल तर तिकडे लक्ष द्या.

त्याच बैठकीत ब्रेकच्या डिस्कही बघून घ्या. प्रत्येक डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, आणि कडेला बोट लावलं की उठलेली कडा लागते. या गाड्यांच्या डिस्क पॅडबरोबर झिजतात, त्यामुळे पॅड नवे आणि डिस्क किमान जाडीला आलेली, हे अर्धवट काम समजा.

यानंतर इंजिन, पण तेही थंड असताना. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. या इंजिनांचे बहुतेक दोष पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत बोलतात आणि गरम झाले की गप्प बसतात. सुरू करताना तुम्ही बाहेर, पुढच्या चाकापाशी उभे राहा, दुसऱ्याला चावी फिरवू द्या. टायमिंग चेन, म्हणजे क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी इंजिनातली साखळी, सैल झालेली असेल तर खडखड ऐकू येते. मर्सिडीजच्या डब्ल्यू२०४ पिढीच्या सी-क्लासमधल्या एम२७१ इंजिनात चेन ताणली जाणं आणि कॅमशाफ्टवरचे दातेरी ॲडजस्टर झिजणं हा ओळखीचा दोष. थंड इंजिन सुरू करताना काही सेकंद खडखडतं. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेलमध्ये चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सकडे बसवलेली आहे. म्हणजे चेन स्वस्त, पण तिथवर पोहोचायलाच मोठी उकल करावी लागते. ऑडीच्या बी६ आणि बी७ पिढीच्या व्ही८ इंजिनाच्या एस४मध्येही (ए४चा वेगवान प्रकार) चेन मागेच आहे आणि कामासाठी अख्खं इंजिन उतरवावं लागतं. आवाज सुंदर, मनाला भुरळ घालणारी गाडी, पण चेनचं काम झाल्याची पावती नसेल तर मी ती घ्यायला सांगणार नाही.

बीएमडब्ल्यूचं एन२० हे दोन लिटरचं पेट्रोल इंजिन एफ३० पिढीत आलं. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतले चेनचे प्लास्टिक गाइड ठिसूळ होऊन तुटतात. आधी वेग वाढवताना चेनकडून बारीक किणकिण किंवा शिट्टीसारखा आवाज येतो. त्याच्या जागी पुढे बी४८ आलं आणि ते बरंच समाधानकारक आहे. ऑडीच्या बी८ पिढीच्या ए४मधलं दोन लिटरचं टीएफएसआय इंजिन, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांतलं, ऑइल पितं. पिस्टनच्या ऑइल रिंगा त्याला कारण. विकणाऱ्याला नुसतं "ऑइल पिते का?" असं विचारू नका, "मधे किती वेळा टॉप-अप करावं लागतं?" असं विचारा. डिकीत ऑइलचा अर्धा डबा दिसला तर उत्तर मिळालंच.

बीएमडब्ल्यूच्या सरळ सहा सिलिंडरच्या इंजिनांवर माझा जीव आहे, हे लपवत नाही. पण एन५२, एन५४ आणि एन५५ या तिन्हींत दोन गोष्टी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक, इलेक्ट्रिक वॉटर पंप. तो बहुधा लाख किलोमीटरच्या आसपास, फारशी पूर्वसूचना न देता बंद पडतो. बदलल्याची पावती असेल तर उत्तम. नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. दुसरी, ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट. ते सुकलं की ऑइल झिरपून खालच्या बेल्टवर पडतं. बेल्ट निसटून क्रँकच्या पुढच्या सीलमधून इंजिनात ओढला जाण्यापर्यंत मजल जाते, आणि एका छोट्या गॅस्केटपायी इंजिन उघडावं लागतं. बॅटरीवर चालणारा छोटा दिवा घ्या आणि हाउसिंगच्या खालचा भाग बघा. नुसती ओलसर धूळ असेल तर घासाघीस करा, थेंब लोंबत असेल तर दुरुस्ती करून मगच व्यवहार. या तिन्हींनंतर आलेलं बी५८ मात्र बिनदिक्कत घ्यावं असं इंजिन आहे, आणि तुम्ही म्हणता ती चार-पाच वर्षांची सहा सिलिंडरची ३ सिरीज जी२० पिढीची एम३४०आय असेल तर तिच्यात तेच आहे.

चेन, रिंगा, टर्बो यांचे बरेचसे आजार एकाच सवयीपाशी येऊन थांबतात, ती म्हणजे ऑइल फार उशिरा बदलणं. युरोपात कंपन्यांनी दोन वर्षं किंवा ३०,००० किलोमीटरपर्यंतची मुदत दिली, त्यामागे सर्व्हिसचा खर्च कमी दिसावा हा हिशेब होता. पहिल्या मालकाला त्याचा त्रास होत नाही, तिसऱ्याला होतो. म्हणून सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नुसते शिक्के मोजू नका, दोन शिक्क्यांमधलं अंतर मोजा. वर्षाला किंवा १५,००० किलोमीटरला ऑइल बदललेली, दीड लाख चाललेली गाडी मी ३०,०००च्या मुदतीवर ८०,००० चाललेल्या गाडीच्या आधी निवडेन.

गिअरबॉक्सचंही तसंच आहे. झेडएफचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक ३ सिरीज, जुलिया, जॅग्वार एक्सई अशा अनेकांत आहे आणि तो उत्कृष्ट आहे. त्यातलं ऑइल आयुष्यभर पुरतं असं सांगितलं जातं, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरदरम्यान ते बदलायला सांगते. त्याचा फिल्टर प्लास्टिकच्या तळातच बसवलेला असतो, त्यामुळे दोन्ही एकत्र बदलावे लागतात. ऑडीच्या सात गिअरच्या ओल्या क्लचवाल्या डीएल५०१ गिअरबॉक्सला साधारण ६०,००० किलोमीटरला ऑइल लागतं. ते चुकवलेला गिअरबॉक्स चढावर गाडी सुरू करताना थरथरतो. मॅन्युअल असेल तर तिसऱ्या गिअरमध्ये, कमी वेगावरून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. इंजिनाचे फेरे चढले आणि गाडीचा वेग चढला नाही तर क्लच संपलाय, आणि त्याच्यासोबत दुहेरी वजनाचं फ्लायव्हीलही बदलावं लागेल हे धरून चाला.

डिझेलबद्दल एवढंच सांगतो. तुमचं रोजचं जाणं-येणं पाच-दहा किलोमीटरचं असेल तर डिझेल घेऊ नका, मग ती कितीही स्वस्त मिळो. धुराचा फिल्टर साफ व्हायला सलग लांब पल्ला लागतो. काजळी जळते, राख जळत नाही. राखेचा साठा गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवर दिसतो, तो आकडा मागून घ्या.

स्कॅनरची गोष्ट निघालीच आहे तर, चालवण्याच्या आधी एकदा आणि चालवून आल्यावर एकदा, असं दोनदा स्कॅन करा. विकणाऱ्याने आदल्या संध्याकाळी एरर कोड पुसले असतील तर पहिल्या स्कॅनमध्ये सगळं स्वच्छ दिसतं. पण गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झालेल्या आहेत की नाहीत हेही स्कॅनर सांगतो, आणि त्या अपूर्ण दिसल्या तर कोड नुकतेच पुसलेत. किलोमीटरचा आकडा मीटरशिवाय इतर मॉड्युलांतही नोंदलेला असतो. मीटर मागे घेतलेली गाडी तिथे सापडते. या गाड्यांना बॅटरी अशक्त झाली की भलतेसलते इशारे दिसू लागतात, जुलियामध्ये विशेष. तेव्हा एकदम सात-आठ ठिकाणचे विचित्र कोड आले तर घाबरण्याआधी बॅटरी तपासा. बीएमडब्ल्यूमध्ये नवी बॅटरी बसवल्यावर तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते, ती केली होती का हेही विचारा.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं. कंपनीचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. एखाद्या दारावर ३०० आलं तर ते पुन्हा रंगवलंय, हजाराच्या पुढे गेलं तर खाली पुट्टी आहे. दार रंगवलेलं चालेल. छताचे खांब आणि डिकीचा तळ मात्र हात न लावलेले हवेत. ई४६ पिढीची ३ सिरीज बघत असाल तर मागचा ॲक्सल जिथे तळाला बसतो तिथला पत्रा चिरलेला नाही ना, हे गाडी लिफ्टवर घेऊन बघायलाच हवं. डब्ल्यू२०४ सी-क्लासमध्ये मागच्या सबफ्रेमला, म्हणजे मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीला, गंज लागतो, तोही लिफ्टवरच दिसतो. लिफ्टवर घेऊ न देणाऱ्याची गाडी सोडून द्या.

आता चालवणं. संगीत बंद, काचा खाली. आधी मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरा. टकटक किंवा हिसका येता कामा नये. मग खराब रस्त्यावर ताशी ३०-४० किलोमीटरने जा. खड्ड्यात धप्प असा एकच भरीव आवाज चालतो, दोन आवाज आले, एक खड्ड्याचा आणि मागोमाग एक बारीक, तर कुठेतरी खुळखुळलेलं आहे. ऑडीत हा आवाज बहुधा पुढच्या वरच्या आर्मचा असतो. ते आर्म स्वतः फार महाग नाहीत, पण त्यांना धरणारा लांब बोल्ट ॲल्युमिनियममध्ये गंजून असा अडकतो की काढायला अर्धा दिवस जातो. मजुरी विचारताना हे बोलून घ्या. मोकळ्या रस्त्यावर ताशी शंभरच्या वेगाने जाऊन सावकाश पण ठामपणे ब्रेक दाबा. स्टिअरिंग थरथरलं की सगळे डिस्कला दोष देतात; पुष्कळदा पुढच्या आर्मचा मोठा बुश फाटलेला असतो आणि डिस्क बदलूनही थरथर महिन्याभरात परत येते. शेवटी एका लांब वळणात एकसारखा वेग धरून ॲक्सिलरेटर हलकेच सोडा. गाडीचं तोंड किंचित आत वळावं, एवढंच. मागचा भाग बाजूला सरकून मग स्थिरावतोय असं वाटलं तर मागचे बुश संपलेत. ही शेवटची कसोटी घरातल्या जाणत्या मेकॅनिककडूनही बहुधा सुटते, म्हणून तुम्ही स्वतः करा.

काय अपेक्षा ठेवायची हे कळण्यासाठी जुनी बघायला जाण्याआधी त्याच मॉडेलची नवी गाडी शोरूममध्ये जाऊन चालवा. हाताला आणि पाठीला नव्या गाडीची चाल लक्षात राहते, आणि मग जुनीतलं उणं लगेच जाणवतं.

नवी घेणार असाल तर सगळा विचार निवडीचा आहे. या गाड्या वाढल्या आहेत : १९८२ची ई३० ३ सिरीज दोन ॲक्सलमध्ये साधारण २५७ सेंटीमीटर होती, २०१८ अखेर आलेली जी२० २८५ सेंटीमीटर आहे. वजनही वाढलंय, आणि ते झाकायला कंपन्या मोठी चाकं आणि कडक स्प्रिंग देतात. शोरूममध्ये १९ इंची चाकांची गाडी उभी असते कारण ती दिसते छान. तुम्ही १७ किंवा १८ इंची घ्या. टायरची भिंत उंच मिळते, रिम वाचतात आणि खराब रस्त्यावर चाक जमिनीला जास्त वेळ चिकटून राहतं. रनफ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही थोडं अंतर चालणारे, टायर असतील तर त्यांची भिंत मुळातच ताठ असते. त्यांवर १९ इंची चाक म्हणजे पाठीला शिक्षा. स्टेपनी मात्र नसते, त्यामुळे साध्या टायरवर जायचं तर पंक्चरची सोय आधी ठरवा. पैसे जास्त असतील तर बदलत्या कडकपणाच्या शॉकअपवर घाला, मोठ्या स्क्रीनवर नको. स्पोर्ट हे नाव लागलेल्या प्रकारात सस्पेन्शन खरंच बदललंय की फक्त बंपर आणि सीट, हे यादीत ओळीन् ओळ वाचा. प्रत्येक बाजारात ते वेगळं असतं. जुलियाचं स्टिअरिंग ११.८ ला १ इतकं चपळ आहे, पहिल्या अर्ध्या तासात ते अति वाटतं, नंतर बाकीच्या गाड्या मंद वाटू लागतात. सी-क्लास आणि ए४ शांत, परिपक्व गाड्या आहेत. तुमच्या प्रश्नातली हौस मला त्यांच्यात कमी भागताना दिसते.

तुमच्या पर्यायांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चार-पाच वर्षांची, बी५८ इंजिनाची ३ सिरीज, ऑइल वेळेत बदलल्याच्या पावत्यांसह आणि वरच्या सगळ्यातून गेलेली मिळाली तर ती घ्या. फक्त खरेदीच्या किमतीच्या १० ते १५ टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. गाडीची किंमत उतरते, पार्टांची उतरत नाही. ते नव्या गाडीच्याच भावाने येतात. त्या पैशांतून सगळ्यात आधी बुश, अलाइनमेंट, चार चांगले टायर आणि गिअरबॉक्सचं ऑइल करून घ्या. ही रक्कम बाजूला ठेवणं जमत नसेल तर नवी चार सिलिंडरची घ्या, लहान चाकांवर; बी४८ तुम्हाला निराश करणार नाही. पहिले २,००० किलोमीटर इंजिन ताणू नका आणि ऑइल कंपनीच्या मुदतीच्या निम्म्यात बदला. आणि जुन्या गाडीसाठी बयाणा देण्याआधी तपासणीचा अहवाल हातात असू द्या. विकणाऱ्याची घाई कितीही असली तरी.